जुन्या इमारतीतला फायर अलार्म : दुरुस्त करावा की बदलावा?

सोसायटीची कमिटी बदलते. जुने सेक्रेटरी किल्ल्यांचा जुडगा आणि दोन जाड फायली हातात देतात. आठवडाभरात वॉचमन येऊन विचारतो, ‘साहेब, जिन्याखालच्या डब्यात पिवळा दिवा कधीचा लागलाय, त्याचं काय करायचं?’

तो डबा म्हणजे फायर अलार्मचं पॅनेल. वडोदऱ्यात सयाजीगंज, रावपुरा, अलकापुरी भागातल्या वीस-तीस वर्षं जुन्या कितीतरी इमारतींमध्ये तो सापडतो. एजन्सीचा माणूस येऊन म्हणतो, सगळं नवं घाला. खजिनदार म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. खरं तर दोघांपैकी कोणीही जिना चढून एकेक डिटेक्टर, म्हणजे धूर किंवा उष्णता ओळखणारं छतावरचं यंत्र, पाहिलेला नसतो. नोकरीची सव्वीस वर्षं माझी एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात गेली. निवृत्तीनंतर आमच्या दांडिया बाजारातल्या इमारतीचं पॅनेल माझ्याकडे आलं. तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर क्लासेस आणि वर तीन मजले घरं अशी ती मिश्र वापराची इमारत आहे. ज्यांनी आजवर अशा पॅनेलला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी डबा वाचायला शिका

पॅनेलवर साधारण तीन रंग असतात. हिरवा म्हणजे वीज चालू आहे, लाल म्हणजे आग, पिवळा म्हणजे बिघाड. पिवळ्या दिव्यासोबत बारीक आवाजाचा बझर वाजतो आणि शेजारच्या बटणाने तो बंद करता येतो. बहुतेक ठिकाणी कोणीतरी तो कधीचाच बंद केलेला असतो, म्हणून दिवा वर्षानुवर्षं शांतपणे जळत राहतो. पॅनेल पूर्ण बंद पडलं तर निदान लोकांच्या लक्षात येतं. पिवळा दिवा सवयीचा झाला की उद्या दुसरा बिघाड झाला तरी तो त्याच दिव्यामागे झाकला जातो. म्हणून कोटेशन मागवण्याच्याही आधी हा दिवा का लागला आहे ते शोधा. कारणं मोजकीच असतात : कुठेतरी वायर तुटली, शॉर्ट झाली, भिंतीतल्या ओलीमुळे अर्थ लागली (वायरमधली वीज भिंतीत किंवा जमिनीत झिरपू लागली), किंवा आतल्या बॅटऱ्या संपल्या.

पुढची गोष्ट म्हणजे आपली यंत्रणा कोणत्या जातीची आहे. जुन्या इमारतींमध्ये बहुधा कन्व्हेन्शनल असते. एका मजल्यावरचे किंवा एका भागातले सगळे डिटेक्टर एकाच दोन तारांवर असतात आणि त्याला झोन म्हणतात. त्यातल्या कोणत्याही डिटेक्टरने इशारा दिला की पॅनेलवर फक्त झोनचा आकडा दिसतो. नव्या अ‍ॅड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि पडद्यावर ‘तिसरा मजला, मीटर रूमसमोर’ असं थेट येतं. शिवाय तिची वायर पॅनेलपासून निघून वळसा घालून पॅनेललाच परत येते. एका ठिकाणी तुटली तरी दोन्ही बाजूंनी संदेश पोचत राहतो.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. आमच्याकडे एकदा रात्री दीड वाजता भोंगा वाजला आणि पॅनेलवर झोन २ चा लाल दिवा आला. आमच्या झोन २ मध्ये पहिला आणि दुसरा असे दोन पूर्ण मजले होते. आम्ही सहा-सात जण दारं ठोठावत फिरलो. सगळी घरं तपासून झाल्यावर क्लासच्या बंद खोलीच्या फटीतून धूर दिसला. आत व्होल्टेज स्टॅबिलायझर जळत होता. कोणाला इजा झाली नाही, पण ती दहा-बारा मिनिटं मी विसरलेलो नाही. यंत्रणेने आपलं काम केलं होतं. आग कुठे आहे हे सांगणं तिला शक्यच नव्हतं.

कागद शोधा

फाईलमध्ये तीन गोष्टी बघा : मूळ नकाशा, फायर एनओसीची (अग्निशमन खात्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राची) शेवटची प्रत आणि एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, रिपोर्ट. नकाशा नसेल तर घाबरू नका, तो एका दुपारी हाताने काढता येतो. रिपोर्टमध्ये दर तिमाहीला नुसतं ‘ओके’ लिहिलेलं असेल तर तो पुरावा धरू नका. कोणत्या तारखेला कोणता डिटेक्टर धूर देऊन तपासला, हे ज्यात आहे तोच रिपोर्ट खरा.

एका रविवारी सगळं वाजवून पाहा

निर्णयाचा सगळा पाया इथे आहे. आठवडाभर आधी नोटीस लावा, दुकानदारांना सांगा, आजारी माणसं आणि तान्ही मुलं असलेल्या घरी स्वतः जाऊन कळवा. पॅनेलला पंप, लिफ्ट किंवा एसी जोडलेले असतील तर एएमसीवाल्याला बोलावून चाचणीपुरते ते वेगळे करून घ्या. संपल्यावर ते परत जोडले, हे स्वतः पाहून वहीत लिहा.

सुरुवात बॅटरीपासून. पॅनेलच्या आत साधारण १२ व्होल्टच्या दोन सीलबंद बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यांचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. अंगावर तारीख नसेल किंवा बाजू फुगलेल्या असतील तर वेगळी चाचणी करायची गरज नाही, बदला. बऱ्या दिसत असतील तर मेन्स बंद करून काही तास ठेवा आणि मग बॅटरीवर सगळे भोंगे वाजवा. आवाज दमला की उत्तर मिळालं. आग लागली की पहिल्यांदा वीजच जाते किंवा घालवावी लागते. बॅटरी नसलेलं पॅनेल नेमकं त्याच क्षणी मुकं होतं.

नंतर प्रत्येक मजल्यावरचा लाल डबा, म्हणजे ज्याची काच फोडून बटण दाबायचं तो. तो चावीने तपासता येतो, काच फोडावी लागत नाही. आमच्याकडे एक डबा बुटांच्या कपाटामागे सापडला.

मग डिटेक्टर. चाचणीसाठी खास एरोसोलचा कॅन मिळतो, तो काठीला लावून डिटेक्टरखाली धरायचा. बरेच जण अगरबत्ती किंवा पेटता कागद धरतात. तसं करू नका. त्याची काजळी आत बसते आणि डिटेक्टर पुढे विनाकारण ओरडू लागतो. नुसतं लोहचुंबक लावून दिवा पेटवून दाखवणारेही भेटतील. त्याने आतलं सर्किट जिवंत आहे एवढं कळतं, धूर आत शिरतो की नाही ते कळत नाही. आणि धूर आत शिरत नाही हाच जुन्या इमारतीतला मुख्य आजार आहे. दिवाळीच्या रंगकामात डिटेक्टरवर डिस्टेंपर चढलेला असतो, जाळीत कोळिष्टकं असतात, आणि बसवताना धुळीपासून बचावासाठी घातलेली प्लास्टिकची टोपी काही ठिकाणी कोणी काढलेलीच नसते. प्रत्येकासमोर वहीत लिहा : जागा, बनावटीचं वर्ष, वाजला की नाही, किती सेकंदांत.

डिटेक्टरचं वय त्याच्या पाठीवर छापलेलं असतं. धूर-डिटेक्टर दहा वर्षांनंतर बदलावा, असं उत्पादक सहसा सांगतात. त्याच्या आत प्रकाशाचा एक किरण आणि एक डोळा असतो. धुराच्या कणांवरून प्रकाश विखुरला की डोळ्याला दिसतो. वर्षानुवर्षांची धूळ त्या पोकळीत बसते तेव्हा एक तर तो फोडणीच्या वाफेलाही ओरडतो किंवा खऱ्या धुरालाही गप्प राहतो. पहिली खोड लोकांना सहन होत नाही, म्हणून ते डिटेक्टर काढून ठेवतात. दुसरी कोणाला दिसतच नाही.

एक सावधगिरी. फार जुन्या डिटेक्टरवर किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण दिसली तर तो आयनीकरण जातीचा आहे आणि त्यात अमेरिसियम-२४१ चा सूक्ष्म अंश असतो. छताला लागलेला असताना त्यापासून भीती नाही. पण तो फोडू नका, उघडू नका आणि भंगारवाल्याला तर देऊच नका. असे डिटेक्टर पुरवठादारामार्फत उत्पादकाकडे परत पाठवायचे असतात. लेखी पोच घ्या.

शेवटी भोंगा. सगळे भोंगे चालू करा आणि दोन माणसांना प्रत्येक घरात पाठवा. बेडरूमचं दार बंद, पंखा चालू, एसी असेल तर तोही चालू. झोपलेल्या माणसाला उठवायचं तर उशीपाशी ७५ डेसिबल आवाज हवा, इतर ठिकाणी निदान ६५. मोबाइलवरचं मीटर अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रात्री कानाचं मशीन काढून ठेवतात. त्यांना बंद दारामागे काहीही ऐकू आलं नाही, आणि तोपर्यंत दर वर्षी त्या इमारतीचा अलार्म ‘चालू’ म्हणून नोंदला जात होता. त्यांच्या खोलीत आता दिवा लुकलुकणारा भोंगा आहे.

इमारत तीच राहिली आहे का

यंत्रणा बसवली तेव्हाच्या भिंती आणि आजच्या भिंती ताडून पाहा. हॉलमध्ये पार्टिशन घालून तीन खोल्या झाल्या असतील तर दोन खोल्यांत डिटेक्टरच नाही. फॉल्स सीलिंग बसवलं असेल तर जुना डिटेक्टर वरच्या अंधारात अडकला असेल आणि खाली धूर भरेपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही. सपाट छताखाली साधारण हिशेब असा की छताचा कोणताही कोपरा धूर-डिटेक्टरपासून साडेसात मीटरपेक्षा दूर नसावा, आणि हा हिशेब भिंतीपलीकडे चालत नाही. एसीच्या झोताच्या तोंडाशीही डिटेक्टर नको.

स्वयंपाकघरात धूर-डिटेक्टर लावू नये, तिथे उष्णतेचा लावतात. तो साधारण ५७-५८ अंशांना वाजतो. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत मात्र विचार करून निवडा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची हवा किती तापते ते सांगायला नको. तापमान झपाट्याने वाढलं की वाजणारी जात तिथे दुपारी खोटे अलार्म देते.

वापर बदलला असेल तर प्रश्न आणखी गंभीर. गोदामाच्या जागी क्लास आला, ऑफिसच्या जागी दवाखाना आला, फ्लॅटमध्ये विद्यार्थी भाड्याने राहू लागले. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ तरुण मुलं गेली. तेव्हापासून आमच्या पहिल्या मजल्यावर संध्याकाळी मुलांच्या चपलांची रांग दिसली की मी आधी जिना मोकळा आहे का ते पाहतो. अलार्म कितीही चांगला असला तरी उतरायला वाट नसेल तर तो कोणालाच वाचवत नाही. जिन्यात सायकली आणि खोकी असतील तर पैसे खर्च करण्याआधी ती हलवा.

आणि पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यातली विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली तेव्हा नदीकाठच्या भागांत तळघरं बुडाली. पॅनेल किंवा त्याची बॅटरी तळघरात असेल तर बदलताना ते तळमजल्याच्या वरच्या पायरीच्या उंचीला, वॉचमनच्या नजरेसमोर आणा.

वायर ठेवायची की टाकायची

सगळ्यात जास्त पैसा आणि तोडफोड इथे असते. जुनी वायर चांगली असेल तर नव्या यंत्रणेतही ती अनेकदा वापरता येते. पण अंदाजाने नाही. इलेक्ट्रिशियनकडून मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन वायरीचं आवरण पारखणाऱ्या मीटरने, इन्सुलेशन तपासून घ्या. त्याआधी सगळे डिटेक्टर आणि पॅनेल त्या वायरपासून सोडवलेच पाहिजेत, नाहीतर मेगरच्या दाबाने तेच जळतील. पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या हवेत एकदा असं दोनदा मोजलं तर भिंतीतली ओल उघडी पडते. साध्या घरगुती वायरीचे जोड टेप लावून केलेले दिसले तर तो भाग नवीन घाला.

मांडवीच्या आसपासच्या लाकडी वाड्यांना वेगळा न्याय लावावा लागतो. कोरीव तुळईला भोकं पाडण्यापेक्षा बिनतारी डिटेक्टर बरे. त्यांची किंमत जास्त असते आणि प्रत्येकातली बॅटरी ठराविक काळाने बदलावी लागते, पण जुनं लाकूड शाबूत राहतं. आणि लाकडी वाड्याला लवकर सूचना मिळणं काँक्रीटच्या इमारतीपेक्षा कितीतरी गरजेचं आहे.

आता ठरवा

वही समोर घेऊन बसा. डिटेक्टर दहा वर्षांच्या आतले आहेत, प्रत्येक मजल्याचा वेगळा झोन आहे, पॅनेलचे सुटे भाग मिळतात आणि आवाज बेडरूमपर्यंत जातो, असं असेल तर बॅटऱ्या बदला, सफाई करा आणि पैसे वाचवा. जुनं आहे एवढ्याच कारणाने चालणारी यंत्रणा फेकू नका.

पॅनेल ठीक पण डिटेक्टर म्हातारे झालेत, आणि इमारत लहान आहे, तर फक्त डिटेक्टर आणि त्यांचे बेस (छतावरच्या बैठका) बदलता येतात. नवा डिटेक्टर त्याच पॅनेलशी जुळतो, हे पुरवठादाराकडून लिहून घ्या.

पॅनेल बदलण्याची वेळ आली हे मी चार गोष्टींवरून ओळखतो. सुटे भाग बंद झालेत आणि एएमसीवाला दुसऱ्या इमारतीतल्या पॅनेलमधून काढलेलं सर्किटचं कार्ड आणून बसवतो. एका झोनमध्ये दोन-तीन मजले कोंबले आहेत. खोटे अलार्म इतके झालेत की भोंगा वाजला तरी कोणी उठत नाही. किंवा इमारतीत आता रात्री झोपणारी माणसं आहेत आणि यंत्रणा दुकानांसाठी बसवलेली होती. यातल्या दोन गोष्टी जरी लागू असल्या तरी डागडुजीत पैसे घालू नका. दुकानं, क्लास आणि घरं एकत्र असलेल्या इमारतीला मी अ‍ॅड्रेसेबलच सांगेन, कारण तिथे ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर मिनिटात हवं असतं. दोन-तीन मजल्यांच्या नुसत्या राहत्या इमारतीला मजल्यागणिक झोन असलेलं साधं पॅनेल आणि दमदार भोंगे पुरतात.

या वर्षी पैसे कमी आहेत? तर क्रम असा लावा : आधी बॅटऱ्या आणि भोंगे, मग मीटर रूम, जिना आणि लिफ्टची खोली इथले डिटेक्टर, मग जिथे माणसं झोपतात ते मजले, दुकानांची गोदामं आणि शेवटी पॅनेल. ज्या घरांपर्यंत यंत्रणा अजून पोचत नाही त्यांनी दहा वर्षांच्या बॅटरीचा सुटा स्मोक अलार्म छताला लावावा. तो पॅनेलशी बोलत नाही, पण त्या घरातल्या माणसांना उठवतो.

कायद्याची बाजू निर्णय पक्का करण्याआधी बघा, नंतर नाही. गुजरातेत २०१३ चा आग प्रतिबंधक व जीवसुरक्षा उपायांचा कायदा लागू आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आगीबद्दलच्या तरतुदी आहेत आणि ती १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला हायराइज मानते. डिटेक्टर आणि अलार्म कसे बसवावेत, सांभाळावेत यासाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. आपल्या उंचीला आणि वापराला नेमकं काय बंधनकारक आहे, ते महानगरपालिकेच्या फायर खात्याला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनच्या आगीत २७ माणसं गेली आणि राज्यभर तपासण्या होऊन अनेक जागांना सील लागलं. नोटीस आल्यावर घाईत केलेलं काम महागही पडतं आणि कच्चंही राहतं.

कोटेशन वाचताना

निदान तीन मागवा, आणि प्रत्येकाला तुमची वही आणि नकाशा द्या, म्हणजे तिघे एकाच कामाचे भाव देतील. बेरजेच्या आकड्याआधी या गोष्टी शोधा. काही कंपन्यांच्या पॅनेलला फक्त त्यांचेच डिटेक्टर चालतात. तसं असेल तर पुढची पंधरा वर्षं तुम्ही त्यांच्याच दराला बांधलेले असाल, म्हणून सुटे भाग किती वर्षं मिळतील ते लिहून घ्या. पॅनेलचा प्रोग्रॅमिंग पासवर्ड आणि प्रोग्रॅमची प्रत सोसायटीच्या ताब्यात मिळेल, ही अट ऑर्डरमध्येच घाला. हे न केल्यामुळे पुढे एजन्सी बदलताना अडून बसलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. शॉर्ट झाल्यास फक्त तो भाग वेगळा पाडणारे आयसोलेटर किती आणि कुठे आहेत, तेही विचारा. एकदम स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा हेच गाळलेलं असतं. आणि शेवटचा हप्ता प्रत्येक डिटेक्टर तुमच्यासमोर धूर देऊन वाजवल्यानंतरच द्या.

काम चालू असताना, आणि नंतर

नवं चालू होईपर्यंत जुनं काढू देऊ नका. जो मजला उघडा पडेल तिथे त्या रात्री एक माणूस जागता ठेवा, हातात टॉर्च आणि फोन. फायर ब्रिगेडचा १०१ आणि आपत्कालीन ११२ हे दोन्ही आकडे पॅनेलशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. ड्रिलिंगची धूळ उडत असताना नव्या डिटेक्टरवर टोप्या असू द्या, आणि शेवटच्या दिवशी त्या मोजून परत घ्या. जितके डिटेक्टर तितक्या टोप्या हातात आल्या पाहिजेत.

नव्या पॅनेलच्या पडद्यावरची नावं बहुधा इंग्रजीत भरलेली असतात. आमच्याकडचे रात्रीचे वॉचमन रमणकाका गुजराती वाचतात, इंग्रजी नाही. लाखभर रुपये घालून बसवलेल्या पॅनेलवर आग कुठे आहे हे लिहून आलं आणि समोरच्या माणसाला ते वाचता आलं नाही, तर आम्ही पुन्हा दारं ठोठावत फिरलो असतो. म्हणून प्रत्येक क्रमांकासमोर गुजरातीत जागा लिहिलेला तक्ता करून पॅनेलशेजारी काचेत लावला. काकांना तीनदा सराव दिला : आधी आकडा बघायचा, मग तक्ता, मग फोन, मग वर जायचं. भोंगा बंद करण्याचं बटण आग कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाबायचं नाही, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात तक्त्याखाली लिहून ठेवलं आहे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही वेगवेगळ्या मजल्यावरचा एकेक लाल डबा चावीने वाजवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडून हात वर करतात, दिवा दिसला म्हणून. मग मी वहीत तारीख घालतो.